ज्योतिर्विद कै. शंकर बाळकृष्ण दीक्षित

स्मरणिकेसाठी एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र लिहून द्यावे, असे संपादक मंडळींनी आम्हांस सुचविले, तेव्हा त्यांच्या मनात बहुधा कोणी सेनापती अथवा समाजधुरीण असावा. आम्ही निवडला तो एक शाळामास्तर. असे का केले हे प्रथम सांगितले पाहिजे, आणि ते सांगताना आमच्या हातून घडलेली एक चूकही कबूल केली पाहिजे.

सुमारे तीस वर्षांपूर्वी पाथरी तालुक्यातील एका खेड्यात आम्ही वर्गशिक्षक होतो. मकरसंक्रांतीच्या आदल्या दिवशी, उद्यापासून उत्तरायण लागते व दिवस मोठा होऊ लागतो, असे आम्ही वर्गास सांगितले. तेव्हा एका शेतकऱ्याच्या मुलाने उठून शंका काढली की, त्यांच्या घरामागच्या अंगणात दुपारी पडणारी भिंतीची सावली तीन आठवड्यांपासूनच आखडू लागली आहे. मग सूर्य उद्या फिरतो हे कसे? आम्हांस उत्तर येत नव्हते. येत नाही असे म्हणण्याऐवजी आम्ही पंचांगाचा हवाला देऊन त्यास खाली बसविले. मुलगा बसला, पण त्याची शंका आमच्या मानगुटीवर बसली. तिचे उत्तर शोधता शोधता एका जुन्या ग्रंथसंग्रहात आमच्या हाती ‘भारतीय ज्योतिःशास्त्र’ हा जाडजूड ग्रंथ लागला. ग्रंथकार शंकर बाळकृष्ण दीक्षित. हे नाव आम्ही ऐकून होतो व कोणी मोठे शास्त्री-पंडित असावेत अशी आमची समजूत होती. चौकशी करिता कळले की गृहस्थ मॅट्रिक होते आणि जन्मभर त्यांनी मास्तरकी केली. आम्हीही जुन्या अकरावीचे मॅट्रिक, त्यांच्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी म्हणजे १९७४ साली पास झालेले. तेथून जो स्नेह जडला तो आजवर टिकून आहे.

दीक्षितांचा जन्म १८५३ साली रत्नागिरी जिल्ह्यातील दापोलीजवळ मुरूड येथे झाला. महर्षी अण्णासाहेब कर्वे यांचेही बालपण याच मुरुडात गेले. कोकणच्या त्या किनाऱ्यावर नारळी-पोफळी पुष्कळ, पण शिक्षणाची साधने थोडी. शंकररावांचे मराठी शिक्षण व थोडेबहुत संस्कृत गावातच झाले. पुढे काही काळ दापोलीच्या कचेरीत उमेदवारी करून १८७० च्या सुमारास ते पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात दाखल झाले. मराठी शाळांना शिक्षक पुरविणारी ही संस्था. तेथून बाहेर पडलेल्यास नोकरी मिळे, पण वरच्या विद्येचे दार उघडत नसे. ते उघडावे म्हणून दीक्षितांनी तेथील अभ्यास सांभाळून इंग्रजीही चालू ठेविले आणि १८७४ मध्ये मॅट्रिकची परीक्षा दिली. त्यांचे परीक्षांचे शिक्षण येथे संपले. कॉलेजचे तोंड त्यांनी विद्यार्थी म्हणून पुन्हा पाहिले नाही. पदवी नाही, वेधशाळा नाही, शास्त्रीय संस्थेतील जागा नाही. पगार शाळेचा आणि ओढ आकाशाची, अशी त्यांची पुढील चोवीस वर्षे गेली.

नोकरीच्या गावांची यादी लांबविण्यात अर्थ नाही. रेवदंडा, ठाणे, बार्शी, धुळे व अखेरीस पुणे असा तो क्रम आहे. पहिल्या दोन ठिकाणी ते मराठी शाळांचे हेडमास्तर होते. ‘विद्यार्थिबुद्धिवर्धिनी’ व ‘सृष्टचमत्कार’ ही त्यांची आरंभीची पुस्तके मुलांसाठीच आहेत. मास्तराची जिज्ञासा प्रथम वर्गातच फुटते, याची ही खूण आम्हांस फार आवडते.

ज्योतिषाचा नाद त्यांस पुरता लागला तो पंचांगाच्या वादातून. विसाजी रघुनाथ लेले व जनार्दन बाळाजी मोडक यांचे म्हणणे असे की, आपली पंचांगे आकाशाशी जुळत नाहीत, ती सायन गणिताने केली पाहिजेत. दीक्षित त्यांस मिळाले आणि १८८४ च्या सुमारास या तिघांच्या खटपटीने सायन पंचांग निघू लागले. आमच्या वर्गातील मुलाची शंका हाच तो वाद होय! सूर्य दक्षिणेकडून उत्तरेकडे वळतो तो २१ किंवा २२ डिसेंबरास. आपण संक्रांत करितो ती १४ जानेवारीच्या सुमारास. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा अतिशय सावकाश डुलतो. त्यामुळे ताऱ्यांच्या संबंधाने अयनबिंदू सुमारे ७२ वर्षांत एक अंश मागे सरकते. सुमारे सतराशे वर्षांपूर्वी मकरसंक्रमण व उत्तरायण एकाच दिवशी येत असत. ताऱ्यांस धरून चालणाऱ्या निरयन पंचांगाने संक्रांत ताऱ्यांपाशी ठेविली, आणि सूर्याचे वळणे मागे मागे येत गेले. मुलगा बरोबर होता, पंचांगही आपल्या हिशेबाने बरोबर होते. चुकले होते ते दोन्ही एकच आहेत असे सांगणारे मास्तर.

१८८२ ते १८८९ ही सात वर्षे दीक्षितांनी बार्शीच्या इंग्रजी शाळेत काढिली. बार्शी म्हणजे आमच्या मराठवाड्याच्या उंबरठ्यावरचे गाव. तेथे आगगाडी आली ती १८९७ मध्ये, दीक्षित तेथून गेल्यावर. अशा आडवळणी गावातील एका साहाय्यक शिक्षकाने या काळात जे काम केले, त्याची दखल इंग्रज संशोधकांस घ्यावी लागली. ते काम गुप्त राजांच्या शकाचे.

समुद्रगुप्त, चंद्रगुप्त यांची नावे आज आमच्या मुलांस पाठ असतात, परंतु त्यांचा काळ त्या वेळी निश्चित नव्हता. शिलालेखांत गुप्त वर्षांचे आकडे आहेत. ते वर्ष मोजावयाचे कोठून? कोणी इ. स. १६६ च्या सुमारास, कोणी १९० च्या, तर कोणी ३१९ च्या सुमारास त्याचा आरंभ धरी. म्हणजे दीडशे वर्षांचा घोळ! जॉन फ्लीट हे मुंबई इलाख्यातील सनदी अधिकारी गुप्तांचे लेख संपादित करीत होते. गणिताची बाजू त्यांनी दीक्षितांकडे सोपविली. मध्य प्रदेशातील एरण येथे बुधगुप्ताच्या काळचा एक स्तंभलेख आहे. त्यावर वर्ष १६५, आषाढ शुद्ध द्वादशी, गुरुवार असा मजकूर आहे. तिथी व वार दोन्ही दिलेले असणे, हे गणिताच्या दृष्टीने मोठे भाग्य. वर्ष चुकीचे धरिले तर तिथी गुरुवारी येण्याचा संभव सातांत एक. आरंभ ३१९ च्या सुमारास धरिला असता ती तिथी २१ जून ४८४ रोजी येते, आणि तो दिवस गुरुवारच निघतो.

एवढ्याने दीक्षितांचे समाधान झाले नाही. काही गुप्तकालीन ताम्रपटांत वर्षास महावैशाख, महाआश्वयुज अशी नावे आहेत. ही गुरू ग्रहाच्या बारा वर्षांच्या चक्रातील नावे होत. सूर्याच्या तेजात लपलेला गुरू पुन्हा पहाटे दिसू लागतो, तेव्हा तो ज्या नक्षत्रात असेल त्यावरून वर्षाचे नाव पडते, ही जुनी पद्धत विसरली गेली होती. दीक्षितांनी ती ग्रंथांतून शोधून काढिली, प्रत्येक लेखासाठी गुरूच्या उदयाचे गणित केले आणि नावे जुळतात असे दाखविले. फ्लीट यांजपाशी मंदसोरच्या लेखासारखी दुसरी प्रमाणेही होती, हे सांगितले पाहिजे. सगळे श्रेय एकट्या दीक्षितांचे असे म्हणणे त्यांसच रुचले नसते. पण आकाशाची साक्ष काढली ती त्यांनी. फ्लीट यांचा लेखसंग्रह १८८८ मध्ये प्रसिद्ध झाला. या गणितास त्यांचा मोठा आधार केरो लक्ष्मण छत्रे यांच्या ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ या मराठी ग्रंथाचा होता. शाळा सुटल्यावर, दिव्याच्या उजेडात, हाताने केलेले हे गुणाकार-भागाकार! आमच्या वाचकांतील मुलांनी एकाच ग्रहाचे एका दिवसाचे स्थान यंत्राशिवाय काढून पाहावे, म्हणजे कल्पना येईल.

याच बार्शीच्या काळात त्यांच्या महान ग्रंथाचे लेखन झाले. दक्षिणा प्राइज कमिटीने भारतीय ज्योतिषाच्या इतिहासावर ग्रंथ मागविला होता व तिचे पारितोषिक दीक्षितांस मिळाले. ग्रंथ छापून निघाला मात्र १८९६ मध्ये. वैदिक काळापासून आरंभ करून स्वतःच्या हयातीतील ज्योतिष्यांपर्यंत प्रत्येकाची त्यांनी नोंद घेतली आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील हस्तलिखिते धुंडाळून, ग्रंथकाराचा काळ त्याच्या शब्दावर न ठेविता त्याच्या गणितावरून ताडून पाहिला आहे. ज्योतिषाचा अभिमान बाळगावा, परंतु हिशेब चुकू देऊ नये, अशी त्यांची रीत. आपल्याकडचे जे बाहेरून आले ते बाहेरून आले असे म्हणावयास ते कचरले नाहीत, आणि जे आपले ते कोणी नाकारिले तर पुराव्यानिशी भांडले.

या ग्रंथात आमच्या परभणी जिल्ह्याचेही एक पान आहे, आणि ते वाचताना आम्हांस आमच्याच गावची शीव नव्याने दिसली. शके १४२५, म्हणजे इ. स. १५०३ मध्ये, ‘सिद्धांतसुंदर’ हा ज्योतिषग्रंथ लिहिणारा ज्ञानराज पार्थपूरचा राहणारा. पार्थपूर म्हणजे आपली पाथरी. त्याचा पुत्र सूर्यदास याने भास्कराचार्यांच्या बीजगणितावर व लीलावतीवर टीका लिहिल्या. शिवाय सुलट वाचल्यास रामकथा व उलट वाचल्यास कृष्णकथा निघेल असे एक विलक्षण काव्यही रचिले. पाथरी तालुक्यात आम्ही इतकी वर्षे नोकरी केली, पण ही नावे आम्हांस कोणी सांगितली नव्हती व आम्हीही कोणास विचारिली नव्हती. ज्ञानराजाच्या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर २०१४ मध्ये अमेरिकेतून प्रसिद्ध झाले आहे.

१८८९ नंतर दीक्षित धुळ्याच्या ट्रेनिंग शाळेत गेले. तेथे असताना त्यांनी सामान्य वाचकासाठी ‘ज्योतिर्विलास’ लिहिले. जेवण आटोपून गच्चीवर आलेल्या मनुष्यास ताऱ्यांची ओळख व्हावी, असे ते पुस्तक आहे. १८९४ मध्ये ते पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात साहाय्यक शिक्षक झाले. जेथे तरुणपणी विद्यार्थी म्हणून बसले, तेथेच ते शिकवावयास उभे राहिले. १८९६ मध्ये मद्रास इलाख्यातील अधिकारी रॉबर्ट स्यूएल यांच्याबरोबर लिहिलेला ‘द इंडियन कॅलेंडर’ हा इंग्रजी ग्रंथ लंडनास निघाला. इ. स. ३०० ते १९०० या सोळाशे वर्षांतील तिथ्यांची इंग्रजी तारखांशी सांगड घालणारी त्यातील कोष्टके इतिहाससंशोधकांनी पिढ्यान् पिढ्या वापरली.

त्यांचा एक शोध मात्र आजही वादाचा आहे. शतपथ ब्राह्मणात कृत्तिका पूर्व दिशेपासून ढळत नाहीत असा उल्लेख आहे. दीक्षितांनी तो शब्दशः घेतला. कृत्तिका ठीक पूर्वेस उगवावयाच्या तर त्या विषुववृत्तावर असल्या पाहिजेत, आणि गणिताने तो काळ इ. स. पूर्व ३००० च्या सुमाराचा येतो. अनेक पाश्चात्त्य पंडितांनी त्या वाक्याचा अर्थच निराळा लाविला व हा निष्कर्ष मानिला नाही. कोणाचे खरे हे ठरविण्याचा अधिकार आम्हांस नाही. गणित तेवढे आम्ही आमच्या परीने ताडून पाहिले आहे. कार्तिकात संध्याकाळी शेतात उभे राहिले असता कृत्तिकांचा पुंजका ठीक पूर्वेस उगवत नाही. आपल्या जिल्ह्यातून तो पूर्वेच्या सुमारे पंचवीस अंश उत्तरेस वर येतो. पाच हजार वर्षांत आकाश एवढे सरकले!

दीक्षितांस आयुष्य फार लाभले नाही. २७ एप्रिल १८९८ रोजी पुण्यास त्यांचे देहावसान झाले. वय पुरते पंचेचाळीसही नव्हते. त्यांचे ‘भारतवर्षीय भूवर्णन’ त्यांच्या पश्चात छापून निघाले. मुख्य ग्रंथाचे हिंदी भाषांतर १९५७ मध्ये झाले, आणि पुढे भारत सरकारच्या हवामान खात्याने तो दोन भागांत इंग्रजीत आणिला. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली १९५२ मध्ये नेमलेल्या समितीने जे राष्ट्रीय पंचांग सुचविले, ते २२ मार्च १९५७ पासून सुरू झाले. त्याचे वर्ष ऋतूंस धरून, म्हणजे सायन मानाने चालते. लेले, मोडक व दीक्षित यांचा वाद असा सरकारदरबारी तरी निकालात निघाला. घराघरांतील सण अद्याप निरयनावरच आहेत.

ग्रंथ वाचल्यानंतरच्या डिसेंबरात आम्ही त्या मुलास बोलावून वर्गासमक्ष आमची चूक कबूल केली. मग शाळेच्या पटांगणात एक मीटर उंचीची काठी ओळंब्याने उभी केली आणि रोज दुपारी तिची सर्वांत आखूड सावली मोजण्याचे काम त्याच्याकडे दिले. ती वही आमच्यापाशी आहे. २२ डिसेंबरापुढे त्याच्या हातचा आकडा ९२ सेंटिमीटर आहे, आणि १४ जानेवारीपुढे ८६.