गागोद्याचे विनोबा

आपल्या पेण तालुक्यात गागोदे नावाचे एक लहानसे गाव आहे. त्या गावी ११ सप्टेंबर १८९५ रोजी नरहरपंत भावे यांच्या घरी विनायक नावाचा मुलगा जन्मास आला. हाच मुलगा पुढे आचार्य विनोबा भावे या नावाने सर्व देशाला ठाऊक झाला. आपला जिल्हा त्या काळी कुलाबा म्हणून ओळखला जाई. रायगड हे नाव त्याला १९८१ साली मिळाले. विनोबांचे नाव आपण सर्वजणींनी ऐकलेले आहे. परंतु त्यांनी नेमके काय केले, आणि आज जमिनीचे भाव ऐकून डोळे दिपत असताना त्याचा आपल्याशी काय संबंध, हे थोडक्यात सांगावे म्हणून हा लेख.

विनोबांची आई रुक्मिणीबाई. ती फारशी शिकलेली नव्हती, परंतु विनोबा जन्मभर तिलाच आपला पहिला गुरू मानीत. घरी फणस फोडला म्हणजे ती गरे आधी शेजारीपाजारी पाठवी, आणि मगच घरच्या मुलांच्या हातावर ठेवी. शेजारीण आजारी पडली तर ती तिच्या घरी जाऊन स्वयंपाक करून येई. एकदा मुलाने तिला चिडवले, की तू आधी आपल्या घरचे रांधतेस आणि मग त्यांचे, म्हणजे तू स्वार्थीच. त्यावर तिने समजावले, की त्यांचे आधी रांधले तर त्यांच्या पानात पडेपर्यंत ते निवून जाईल. देणे म्हणजे केवळ हातावेगळे करणे नव्हे, घेणाऱ्याच्या सोयीचा विचार त्यात असावा लागतो, हे त्या मुलाला स्वयंपाकघरातच शिकायला मिळाले.

पुढे वडिलांच्या नोकरीमुळे कुटुंब बडोद्यास गेले. विनोबा बुद्धीने तल्लख, गणितात विशेष गती. परंतु मन परीक्षांत रमेना. एके दिवशी त्यांनी आपली प्रशस्तिपत्रे चुलीत टाकून जाळली. १९१६ च्या मार्च महिन्यात इंटरच्या परीक्षेस मुंबईला निघाले ते सुरतेलाच उतरले आणि काशीस गेले. तेथे गांधीजींचे भाषण वर्तमानपत्रात वाचून त्यांनी पत्र लिहिले, आणि ७ जून १९१६ रोजी अहमदाबादजवळच्या कोचरब आश्रमात ते गांधीजींना भेटले. तेव्हापासून ते आश्रमाचेच झाले. १९२१ साली ते वर्ध्यास आले. दळणे, सूत कातणे, भंगीकाम, शिकवणे यांपैकी कोणतेही काम त्यांनी हलके मानले नाही. आईला संस्कृत गीता समजत नसे. तिला कळेल अशी गीता मराठीत व्हावी ही तिची इच्छा होती. ती १९१८ साली वारली. विनोबांनी १९३० साली गीताई लिहावयास घेतली आणि आईची इच्छा पुरी केली. १९४० साली वैयक्तिक सत्याग्रहासाठी गांधीजींनी पहिला सत्याग्रही म्हणून त्यांचीच निवड केली.

परंतु त्यांच्या आयुष्याचे मोठे कार्य पन्नाशी उलटल्यावर सुरू झाले. १९५१ साली हैदराबादजवळ शिवरामपल्ली येथे सर्वोदय संमेलन होते. विनोबा वर्ध्याहून तेथे पायी गेले. तेलंगणात तेव्हा जमीनदार आणि कुळे यांच्यात रक्तपात चालला होता. संमेलनानंतर विनोबा त्याच भागातून पायी निघाले. १८ एप्रिल १९५१ रोजी पोचमपल्ली या गावी सुमारे ४० दलित कुटुंबांनी त्यांच्याकडे पोटासाठी ८० एकर जमीन मागितली. सरकारकडे अर्ज करतो असे सांगता आले असते. त्यांनी गावकऱ्यांनाच विचारले, तुमच्यापैकी कोणी देईल काय? रामचंद्र रेड्डी नावाचे गृहस्थ उभे राहिले आणि त्यांनी १०० एकर जमीन देऊ केली. तेथून भूदान सुरू झाले.

त्यानंतर सुमारे तेरा वर्षे विनोबा पायीच हिंडले. ऊन, पाऊस, थंडी, रोज नवे गाव. त्यांची मागणी मोठी साधी होती. तुमच्या घरी पाच मुले असतील तर मला सहावा समजा आणि माझ्या वाट्याची जमीन भूमिहीनांना द्या. अशा रीतीने देशात चाळीस लाख एकरांहून अधिक जमीन दान मिळाली.

आपल्या किनाऱ्यावर जमीन निराळ्या वाटेने मिळाली हे येथे सांगितले पाहिजे. अलिबाग तालुक्यात चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या पुढारीपणाखाली खोतांविरुद्ध १९३३ ते १९३९ शेतकऱ्यांचा संप चालला. लोकांनी शेती पडीक ठेवली, हाल काढले, पण माघार घेतली नाही. पुढे कूळकायदा आला, १९४९ साली खोती कायद्याने गेली, आणि कसणारा मालक झाला. लढून मिळवणे आणि मागून मिळवणे अशा या दोन वाटा आहेत. ज्यांच्या घरी चरीच्या संपाची झळ पोचली, त्यांना पहिली वाट अधिक खरी वाटली तर त्यात नवल नाही.

विनोबांच्या ध्यानात मात्र एक गोष्ट लवकरच आली. एकेकट्याला दिलेली जमीन त्याच्या हातून सावकाराकडे परत जाऊ शकते. म्हणून त्यांनी पुढची पायरी सांगितली, ती ग्रामदान. १९५२ साली उत्तर प्रदेशातील मंगरोठ हे पहिले ग्रामदानी गाव झाले. ग्रामदानात जमिनीची मालकी ग्रामसभेची होते. कसणारा आपले शेत कसत राहतो, त्याच्या मागे मुलेबाळे कसतात. विसावा हिस्सा भूमिहीनांसाठी निघतो, पिकाचा थोडा भाग ग्रामकोशात पडतो. परंतु गावाबाहेरच्या माणसाला परस्पर जमीन विकता येत नाही. महाराष्ट्रात यासाठी १९६४ साली कायदा झाला. ही कल्पना साता समुद्रापलीकडेही गेली. अमेरिकेत जॉर्जिया राज्यात काळ्या शेतकऱ्यांसाठी १९६९ साली सामायिक मालकीची एक मोठी शेतसंस्था निघाली. तिच्या संस्थापकांपुढे ग्रामदानाचे उदाहरण होते.

आपल्याला ही कल्पना अवघड वाटू नये. खाडीकाठच्या शेतीला खारबांध लागतो. उधाणाने बांधाला खांड पडली तर खारे पाणी एकट्याच्या शेतात शिरत नाही, सगळ्यांचेच भात जाते. शेत ज्याचे त्याचे असले तरी बांध सर्वांचा. विनोबांनी सर्व जमिनीलाच असा एक बांध घालावयास सांगितले.

या कार्याला अपयशही आले, ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. दान मिळालेली कितीतरी जमीन खडकाळ किंवा तंट्यातली निघाली. पुष्कळ जमीन वाटलीच गेली नाही. ग्रामदानाचे कागद हजारो गावांत झाले, पण थोड्याच गावांत ते अंमलात आले. १९७५ च्या आणीबाणीत विनोबांनी घेतलेली भूमिका त्यांच्या अनेक जुन्या सहकाऱ्यांना रुचली नाही. तरीही बीज मेले नाही. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा या गावाने २०१३ साली, म्हणजे विनोबांच्या मागे तीस वर्षांनी, आपली सर्व जमीन ग्रामसभेकडे सोपवण्याचे एकमताने ठरवले.

विनोबांनी १९५९ साली पवनार येथे स्त्रियांसाठी ब्रह्मविद्या मंदिर स्थापन केले. तेथे कोणी मुख्य नसावे, सर्व निर्णय भगिनींनी एकमताने घ्यावेत अशी रीत त्यांनी घालून दिली. १९५८ साली त्यांना मॅगसेसे पारितोषिक मिळाले. नोव्हेंबर १९८२ मध्ये अंत जवळ आलेला ओळखून त्यांनी अन्न व औषध सोडले, आणि १५ नोव्हेंबरला, ऐन दिवाळीत, पवनार येथे देह ठेवला. १९८३ साली त्यांना मरणोत्तर भारतरत्न देण्यात आले.

भगिनींनो, आज आपल्या भागात गाडी घेऊन दलाल येतात आणि गुंठ्याचे भाव सांगतात. पुरुषमंडळी चर्चा करतात. आपल्याला बोलावणे येते ते शेवटी, हक्कसोडीवर सही करावयास. वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा वाटा कायद्याने मान्य झालेला आहे, तरी सही करताना जमीन कोणाकडे जाते हे विचारणाऱ्या थोड्या. ग्रामदानाच्या ग्रामसभेत गावातील प्रत्येक सज्ञान स्त्री-पुरुषाला जागा आहे. सातबारावर नाव नसलेल्या स्त्रीलाही. सगळ्या गावांनी ग्रामदान करावे असे मी म्हणत नाही, तेवढा माझा अधिकार नाही. परंतु जमीन विकण्यापूर्वी तो प्रश्न घरातल्या बायकांपुढे आणि गावापुढे उघड मांडला जावा, एवढे तरी आपण मागू शकतो. गागोद्याच्या घरातून निघालेल्या माणसाने उभ्या देशाकडे जमीन मागितली. आपल्याला केवळ विचारून घ्यावे, एवढेच मागायचे आहे.