बगदादचे नेत्रवैद्य अली इब्न ईसा

सुमारे एक हजार वर्षांपूर्वीची ही गोष्ट आहे. त्या काळी बगदाद हे विद्येचे मोठे केंद्र होते. तेथे अनेक ग्रीक ग्रंथांची अरबी भाषांतरे झाली होती. रुग्णांसाठी दवाखाने होते. याच शहरात अली इब्न ईसा नावाचे एक नेत्रवैद्य राहत होते. अरबी भाषेत 'कुहल' म्हणजे सुरमा आणि 'कह्हाल' म्हणजे डोळ्यांचा वैद्य. म्हणून लोक त्यांना अली इब्न ईसा अल-कह्हाल या नावाने ओळखत.

रोग्यांवर उपचार करता करता त्यांनी एक ग्रंथ लिहिला. त्याचे नाव 'तजकिरतुल कह्हालीन'. नेत्रवैद्यांना सतत जवळ ठेवता यावे, असे हे टिपण होते. जालिनूस, हुनैन इब्न इसहाक अशा थोर विद्वानांच्या ग्रंथांचा त्यांनी आधार घेतला आणि त्यात स्वतःच्या अनुभवाची भर घातली.

या ग्रंथाचे तीन भाग आहेत. पहिल्या भागात डोळ्याची रचना सांगितली आहे. दुसऱ्या भागात बाहेरून दिसणारे रोग आहेत, तर तिसऱ्या भागात बाहेरून न दिसणारे रोग आहेत. सुमारे १३० नेत्ररोगांची माहिती त्यात आहे. हा ग्रंथ पुढे कित्येक शतके नेत्रवैद्यांच्या हाती राहिला. त्याचे लॅटिन भाषेत भाषांतर झाले. युरोपात ग्रंथकर्त्याला 'जेसू हाली' म्हणू लागले.

डोळा दुखत असेल, तर वैद्याने फक्त डोळाच पाहावा का? अली इब्न ईसा यांची नजर डोळ्याच्या पलीकडेही गेली. कान आणि डोळा यांच्या मधल्या भागाला कानशील म्हणतात. काही रोग्यांचे डोके दुखते, कानशिलाचा भाग गरम होतो, सुजतो आणि शेवटी दृष्टीही जाते, असे त्यांनी लिहून ठेवले. त्यावर कानशिलावरील रक्तवाहिनी कापावी व डाग द्यावा, असा उपाय त्यांनी सांगितला. त्या काळी याहून चांगला उपाय कोणाजवळ नव्हता.

पुढे १८९० साली इंग्लंडमधील डॉक्टर जोनाथन हचिन्सन यांनी एका म्हाताऱ्या माणसाची हकिगत लिहिली. त्याच्या कानशिलांवरच्या रक्तवाहिन्या सुजून लाल झाल्या होत्या. त्याला डोक्यावर टोपी ठेवणेही सहन होत नव्हते. १९३२ साली अमेरिकेतील डॉक्टर बेयर्ड हॉर्टन व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा रोग्यांच्या रक्तवाहिनीचा लहानसा तुकडा काढून सूक्ष्मदर्शक यंत्राखाली तपासला. तेव्हा रक्तवाहिनीच्या भिंतीलाच सूज असते, हे दिसून आले. या रोगाला 'टेम्पोरल आर्टरायटिस' म्हणतात. त्याचे सर्वांत जुने वर्णन अली इब्न ईसा यांच्या ग्रंथात असावे, असे अनेक अभ्यासक मानतात.

हा रोग बहुधा पन्नाशीनंतर होतो. सत्तरीच्या पुढे तो अधिक आढळतो, आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांना जास्त होतो. पूर्वी कधी नव्हती अशी डोकेदुखी सुरू होते. केस विंचरताना डोक्याची कातडी दुखते. घास चावताना जबडा दुखू लागतो. कधी खांदे आखडतात, बारीक ताप येतो, वजन घटते. सुजेमुळे रक्तवाहिनी अरुंद होते आणि डोळ्याला रक्त पुरत नाही. मग एका डोळ्याची दृष्टी अचानक जाते. उपचार झाला नाही, तर थोड्याच दिवसांत दुसरा डोळाही जाऊ शकतो. गेलेली दृष्टी सहसा परत येत नाही.

१९५० च्या सुमारास या रोगावर कॉर्टिसोन हे औषध वापरले जाऊ लागले आणि रोग्यांचे नशीबच पालटले. आज डॉक्टर रक्त तपासतात. कानशिलाची सोनोग्राफी करतात किंवा रक्तवाहिनीचा तुकडा तपासतात. पण दाट संशय असेल, तर तपासणीचा निकाल येईपर्यंत ते थांबत नाहीत. स्टिरॉइड लगेच सुरू करतात. मग कित्येक महिने औषधाचे प्रमाण हळूहळू कमी करत नेतात. हे औषध रोग्याने आपल्या मनाने बंद करायचे नसते.

अली इब्न ईसा यांचा उपाय आता कोणी करत नाही. पण डोके, कानशील आणि डोळा यांचे नाते त्यांनी टिपले होते. ते आजही खरे आहे. घरातील आजी किंवा दादाजान डोके दुखते म्हणतात, तेव्हा पुष्कळदा आपण ते म्हातारपणावर ढकलतो. बगदादच्या त्या वैद्यांनी आपल्या रोग्यांचे गाऱ्हाणे असे ढकलले नाही. त्यांनी ते ऐकले, नीट पाहिले आणि लिहून ठेवले. आपणही घरातील वडीलधाऱ्यांचे म्हणणे ऐकून त्यांना वेळेवर डॉक्टरकडे नेले, तर कोणाची तरी दृष्टी वाचू शकेल.