सामंत चंद्रशेखर : शाळेवाचूनचे गणित

ओडिशातील खंडपडा संस्थानाच्या राजकुळात १८३५ साली जन्मलेले सामंत चंद्रशेखर लोकांत पठाणी सामंत या नावाने प्रसिद्ध आहेत. इंग्रजी शिक्षण त्यांना लाभले नाही. संस्कृताचे अध्ययन घरीच झाले. नक्षत्रांची ओळख चुलत्यांनी करून दिली. सिद्धांतग्रंथांवरून काढलेली ग्रहस्थाने आकाशाशी जुळेनात, तेव्हा त्यांनी स्वतः वेध घेण्यास आरंभ केला. दुर्बीण नव्हती, लाकूड व बांबू यांची साधने त्यांनी घडविली. त्यांचे मानयंत्र म्हणजे काटकोनात जोडलेल्या दोन काठ्या. आडव्या काठीवरील खुणा कोनांच्या स्पर्शज्यांच्या प्रमाणात केलेल्या. त्याने डोंगराची उंची मोजता येई, तसेच ग्रहाचे अंशात्मक अंतरही. चंद्रगतीतील तीन विषमता त्यांनी स्वतंत्रपणे निश्चित केल्या. ग्रह सूर्याभोवती फिरतात हे त्यांनी मानले. सूर्य मात्र त्यांच्या मते पृथ्वीभोवतीच फिरत राहिला.

त्यांचा ‘सिद्धांतदर्पण’ हा संस्कृत पद्यग्रंथ १८६९ साली पूर्ण झाला. पण ओडिआ लिपीतील ती ताडपत्रे तीस वर्षे अमुद्रित राहिली. कटकच्या रेव्हेन्शॉ महाविद्यालयातील प्राध्यापक योगेशचंद्र राय यांनी इंग्रजी प्रस्तावना लिहून १८९९ साली ग्रंथ कलकत्त्यास प्रसिद्ध करविला. तत्पूर्वी १८९३ मध्ये सरकारने चंद्रशेखरांना महामहोपाध्याय ही पदवी दिली होती. १९०४ साली त्यांचे निधन झाले. ओडिशातील पंचांगकर्त्यांनी त्यांचे गणित स्वीकारले. ते गणित कोणत्याही महाविद्यालयाने त्यांना शिकविले नव्हते. परंतु ते खंडपड्याबाहेरील विद्वानांपर्यंत पोहोचण्यास महाविद्यालयातीलच एका अध्यापकाची गुणग्राहकता कारणीभूत झाली.