घटनेच्या पानांवर तथागत : चित्रकार नंदलाल बोस

बाबासाहेबांची घटना आपल्या घराघरात आहे. पण तिच्या मूळ हस्तलिखितावर चित्रं कुणी काढली, हे पोरांना विचारा. ते नंदलाल बोस.

जन्म ३ डिसेंबर १८८२, बिहारमधल्या खरगपूरचा. कलकत्त्याला अवनींद्रनाथ ठाकूरांचे शिष्य. तरुणपणी अजिंठ्याला येऊन लेण्यांतल्या चित्रांच्या नकला केल्या. बुद्ध त्यांच्या हातात तिथंच उतरला, असं मला वाटतं. पुढं शांतिनिकेतनात विद्यार्थ्यांना झाडं, पानं, जनावरं डोळे भरून बघायला लावली.

१९३० साली त्यांनी लिनोलियम कोरून ठसे केले. त्यात खोदलेलं कोरं राहतं, उरलेल्यावर शाई बसते. रवींद्रनाथांच्या ‘सहज पाठ’ या मुलांच्या पुस्तकात असेच ठसे आहेत. दांडीला निघालेले गांधी, हातात काठी, काळ्यावर पांढऱ्या रेघा, तोही त्यांचाच. (गांधींशी आपला वाद आहे, पण ठसा जबरदस्त!) १९३६ ला आपल्या खानदेशात, फैजपूरच्या काँग्रेस अधिवेशनाची सजावट त्यांनीच बांबू लावून केली.

घटनेचं काम विद्यार्थ्यांना घेऊन केलं. पाचव्या भागावर तथागत, सातव्यावर अशोकाचा धम्मप्रसार. १६ एप्रिल १९६६ ला ते गेले. सातवा भाग १९५६ च्या दुरुस्तीत वगळला गेला. मूळ प्रतीत अशोक मात्र जागेवरच आहे.