पन्नासांची तरतूद

पंडिता रमाबाईंचे नाव निघाले की आपल्या मंडळ्यांतून दोन गोष्टी हटकून सांगितल्या जातात : त्यांची विद्वत्ता, आणि १९०५ साली मुक्तीत झालेले संजीवन. शब्बाथशाळेच्या शिक्षकांसाठी आम्ही आज तिसरीच गोष्ट घेतली आहे. ती आहे बाईंच्या धान्याच्या कोठीची.

भूक म्हणजे काय हे बाईंना कोणी सांगावे लागले नव्हते. त्यांचा जन्म १८५८ सालचा, कर्नाटकातील गंगामूळच्या रानातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे पुराण सांगत, कुटुंबाला घेऊन तीर्थे करीत. १८७० नंतरच्या दशकात मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला तेव्हा त्यांच्याजवळचे द्रव्य दानधर्मात आणि देवस्थानांत संपले होते. दागिने गेले, भांडी गेली. शेवटी रानातला पाला खाऊन वर पाणी पिण्याची पाळी आली. मुलांना शास्त्रे शिकवली होती, पण अंगमेहनतीचे काम शिकवले नव्हते. आणि भीक मागण्यास कोणाची जीभ उचलेना. वडील गेले, आई गेली, थोरली बहीणही गेली. शास्त्रीबोवांची श्रद्धा लहान होती असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. जे होते नव्हते ते त्यांनी देवापुढे ठेवले होते.

उरली दोन भावंडे, रमा आणि श्रीनिवास. दोघे पायीच उत्तरेकडे निघाली. मूठभर धान्य मिठाच्या पाण्यात भिजवून खात. झेलम नदीच्या काठी थंडी सोसेना म्हणून वाळूत खड्डे केले, त्यात निजली आणि अंगावर वाळू ओढून घेतली.

पुढचे कलकत्ता, पंडिता ही पदवी, १८८० सालचा विवाह, दोनच वर्षांत आलेले वैधव्य, १८८३ साली इंग्लंडात वाँटेज येथे झालेला बाप्तिस्मा, हे वाचकांना ठाऊकच आहे. आमच्या गोष्टीसाठी लक्षात ठेवायचे ते बोस्टनचे. १८८७ साली तेथील मित्रांनी मंडळ स्थापून दहा वर्षे पैसे पुरवण्याचे वचन दिले. त्या बळावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले आणि पुढल्या वर्षी ते पुण्यास गेले. तरतूद होती सुमारे पन्नास बालविधवांची.

बाई हिशेबी होत्या. दहा वर्षे संपल्यावर काय, हा विचार त्यांनी आधीच केला होता. केडगावला सुमारे शंभर एकर जमीन घेऊन तीत फळझाडे लावली होती, म्हणजे बागेच्या उत्पन्नावर सदन चालावे. त्याच सुमारास त्यांनी ब्रिस्टलचे जॉर्ज म्युलर, चीनमधील हडसन टेलर आणि न्यू हेब्रिडीज बेटांवरील जॉन पेटन यांची चरित्रे वाचली. या लोकांनी माणसांपुढे हात न पसरता केवळ प्रभूकडे मागितले. आपल्या देशात असे कोणी करील काय, हा प्रश्न बाईंच्या मनात घर करून बसला. १८९६ साली लोणावळ्याच्या मेळाव्यात त्यांच्याबरोबरच्या पंधरा मुलींनी प्रभूला अंतःकरण दिले होते. बाईंनी प्रार्थना केली की पुढल्या मेळाव्यापर्यंत पंधराचे पंधरापट व्हावे. म्हणजे दोनशे पंचवीस! आणि तरतूद पन्नासांची.

त्याच वर्षी मध्य प्रांतात दुष्काळ पडला. बातमी वाचून बाईंना आपली आई आठवली असेल, असे आम्हांस वाटते. गाठीशी पैसा नव्हता. तरी त्या गेल्या, दुष्काळी छावण्या पाहिल्या, आणि हाडांचे सापळे झालेल्या मुली गाडीत घालून आणू लागल्या. त्यांनी मनाशी तीनशे हा आकडा धरला होता. इतक्यात पुण्यात प्लेग आला. शहरात इतक्या मुली ठेवता येईनात. जावे कोठे? तेव्हा ती केडगावची बाग कामास आली. उत्पन्नासाठी घेतलेल्या जमिनीवर घाईघाईने छपरे उभी राहिली आणि मुली तेथे राहू लागल्या. तीनशेचा आकडाही पुरा झाला. त्या वस्तीचे नाव मुक्ती.

१८९८ साली दहा वर्षांची मुदत संपली. बाई स्वतः अमेरिकेस जाऊन आल्या. जुने मंडळ विसर्जित होऊन नवे उभे राहिले. पण मुक्तीसाठी ठेव नव्हती की ठरलेले उत्पन्न नव्हते. येई ती लोकांची खुशीची देणगी. एवढ्याने एखादा थांबला असता. बाईंनी १९०० साली गुजरातच्या दुष्काळातून आणखी शेकडो मुली आणल्या आणि मुक्तीतील माणसांची संख्या एकोणीसशेच्या आसपास गेली. एवढ्या माणसांना रोज दोन वेळा जेवू घालणे काय असते, हे घरात पाच पाहुणे आले की आपल्या बायकांना विचारावे!

आमचे काही उपदेशक बंधू ही हकिकत अशी सांगतात की जणू बाई गुडघे टेकून बसल्या आणि आभाळातून भाकरी पडल्या. तसे नव्हते. मुक्तीत मुली शेतात राबत, माग चालवीत, तेल काढीत, छापखान्यात खिळे जुळवीत. दुष्काळात बालपण गेलेल्या त्या पंडितेने आपल्या मुलींना हाताने काम करणे शिकवले, यात आम्हांस फार अर्थ दिसतो.

पण शिकवून पाणी मिळत नाही. त्या १९०० सालच्या टंचाईत मुक्तीत दोन विहिरी होत्या. मनोरमाबाईंनी लिहून ठेवले आहे की पिण्याला, गुराढोरांना आणि बांधकामाला मिळून दोन्ही विहिरी संध्याकाळपर्यंत तळाला जात. उद्याचे काय, हे रात्री कोणालाच सांगता येत नसे. सकाळी पुन्हा पाणी आलेले असे. साठा मात्र कधी झाला नाही. त्या दिवसाला पुरेल एवढेच.

मनोरमाबाई १९२१ साली आईच्या आधी गेल्या. बाई त्यानंतर वर्षभरही राहिल्या नाहीत. पवित्र शास्त्राच्या मराठी भाषांतराचे काम हातावेगळे करून ५ एप्रिल १९२२ रोजी त्या प्रभूकडे गेल्या. केडगावची मुक्ती आजही चालू आहे.