आश्रयाच्या शोधातला शहजादा

डिचोलीचा नमाजगाह अनेक गोमंतकीयांनी पाहिला नसला, तरी त्याविषयी ऐकलेले असते. या प्रार्थनास्थळाचा संबंध परंपरेने छत्रपती संभाजी महाराजांशी आणि त्यांच्या आश्रयाला आलेल्या एका मोगल शहजाद्याशी जोडला जातो. औरंगजेबाचा मुलगा मुहम्मद अकबर तो हाच. फत्तेपूर सिक्री वसवणारा बादशहा अकबर याचा खापरपणजोबा. नाव तेच मिळाले, नशीब मात्र मिळाले नाही. बापाविरुद्ध उठलेल्या या तरुणाने वयाच्या चोविसाव्या वर्षी परक्या राज्याचे दार ठोठावले आणि पुढचे सारे आयुष्य तो कुणाचा ना कुणाचा आश्रित म्हणूनच जगला.

त्याचा जन्म ११ सप्टेंबर १६५७ रोजी औरंगाबादेत झाला. आई दिलरसबानू महिन्याभरातच वारली. ‘बीबी का मकबरा’ ही तिचीच कबर. आईविना वाढलेल्या या मुलावर औरंगजेबाचा विशेष जीव होता, आणि थोरली बहीण झेबुन्निसा हिची त्याच्यावर आईसारखी माया होती. योगायोग असा, की संभाजी महाराजांचा जन्मही १६५७ चाच आणि त्यांनाही आईचे छत्र फार काळ लाभले नाही.

जोधपूरचा राजा जसवंतसिंह वारल्यानंतर औरंगजेबाने मारवाड खालसा करण्याचा घाट घातला आणि राठोडांशी, पाठोपाठ मेवाडच्या राण्याशीही युद्ध जुंपले. या मोहिमेत अकबराकडे मोठी फौज होती, पण अरवलीच्या डोंगरांत तिला यश येईना. बापाचे बोल ऐकून घ्यावे लागत होते. राजपुतांनी नेमके हेच हेरले. तख्त तुमचे, तलवारी आमच्या, असे बोलणे झाले आणि १ जानेवारी १६८१ रोजी नाडोल येथे अकबराने स्वतःला बादशहा म्हणून जाहीर केले. औरंगजेब त्या वेळी अजमेरला होता आणि त्याच्याजवळ फौज फारच थोडी होती. अकबराने तडक चाल केली असती, तर हिंदुस्थानचा इतिहास कदाचित वेगळा लिहावा लागला असता. पण तो रेंगाळला. तेवढ्या अवधीत बापाकडे फौजा गोळा झाल्या.

पुढचे काम तलवारीने करावेच लागले नाही. अकबराचा मुख्य आधार तहव्वुरखान. त्याचे कुटुंब बादशहाच्या कबजात होते. त्यांच्या जिवाची धमकी मिळताच तो रात्री बादशहाच्या छावणीत गेला आणि तिथे मारला गेला. त्याच रात्री अकबराच्या नावाचे एक बनावट पत्र राजपुतांच्या हाती पडेल अशी तजवीज झाली. राजपुतांना बादशहाच्या तोंडी देण्याचा डाव ठरल्याप्रमाणे चालवल्याबद्दल बापाने त्यात मुलाची पाठ थोपटली होती. राजपूत रातोरात निघून गेले. सकाळी अकबराला जाग आली, तेव्हा फौज उरली नव्हती. कपट उघड झाल्यावर दुर्गादास राठोडाने मात्र त्याला आपल्या संरक्षणाखाली घेतले आणि शेवटपर्यंत तो शब्द पाळला.

औरंगजेबाच्या हाताबाहेर राहू शकेल असा राजा त्या वेळी देशात एकच होता. दुर्गादासाने आडवाटांनी अकबराला दक्षिणेत आणले. मे १६८१ मध्ये त्यांनी नर्मदा ओलांडली आणि अकबराने संभाजी महाराजांकडे आश्रयासाठी पत्रे धाडली. उत्तर लगेच आले नाही, आणि ते स्वाभाविकही होते. शिवछत्रपती जाऊन जेमतेम वर्ष झाले होते. जानेवारीत महाराजांचा राज्याभिषेक झाला होता. घरात सावत्र आईचा आणि जुन्या कारभाऱ्यांचा विरोध धुमसत होता. अशा वेळी बादशहाचा बंडखोर मुलगा दारात घेणे म्हणजे प्रत्यक्ष बादशहालाच बोलावणे होते. शिवाय आलेला माणूस खरोखर पळून आला आहे की पाठवलेला आहे, हेही कळायला मार्ग नव्हता. बापाची बाजू सोडून शत्रूकडे जाणे म्हणजे काय, हे स्वतः महाराजांना ठाऊक होते. १६७८ च्या अखेरीस तेही दिलेरखानाच्या गोटात जाऊन परत आले होते.

तरीही आश्रय दिला गेला. सुधागडच्या पायथ्याशी, पालीजवळ, अकबराची सोय करण्यात आली आणि त्या जागेला पातशहापूर हे नाव पडले. नाव मोठे, व्यवस्था साधी. इंग्रजांच्या समकालीन पत्रव्यवहारात या निवासाचे वर्णन आहे. गवताने शाकारलेले घर, आतून लावलेले पांढरे कापड, जमिनीवर साधेच गालिचे. दिल्लीच्या तख्तावर हक्क सांगणारा तरुण कोकणातला पहिला पावसाळा त्या घरात काढत होता.

त्याच पावसाळ्यात त्याची परीक्षा झाली. महाराजांविरुद्ध कट करणाऱ्या कारभाऱ्यांनी अकबराशीच संधान बांधून मदत मागितली. सत्तेसाठी हपापलेला कोणताही माणूस डळमळला असता. अकबराने मात्र ती गोष्ट यजमानाला कळवली आणि कटवाल्यांना देहदंड झाला. नोव्हेंबरात महाराज पातशहापुरास येऊन त्याला भेटले, यामागे या प्रामाणिकपणाचा वाटा असावा. त्याच महिन्यात औरंगजेब बुऱ्हाणपुरास पोहोचला. पुढच्या वर्षी तो औरंगाबादेत आला आणि मग उत्तरेत परत गेलाच नाही. मराठ्यांचे राज्य त्याला बुडवायचेच होते हे खरे; पण त्याने स्वतः येण्याची घाई केली, ती मुलासाठी.

यजमान आणि आश्रित यांच्या मागण्या इथून वेगळ्या होत गेल्या. अकबराला हवी होती दिल्लीवर चालून जाणारी फौज. महाराजांनी हा विचार झिडकारला नव्हता. अंबरच्या रामसिंहाला त्यांनी संस्कृतात पाठवलेले पत्र प्रसिद्धच आहे. अकबर आणि दुर्गादास आपल्याजवळ असल्याचे कळवून त्यात त्यांनी रामसिंहाला बादशहाविरुद्ध उभे राहण्याचे आवाहन केले होते. पण जंजिऱ्याचा सिद्दी, गोव्याचे पोर्तुगीज आणि चारही बाजूंनी उतरलेल्या मोगल फौजा यांच्याशी एकाच वेळी लढणाऱ्या राजाने तीस-चाळीस हजार स्वार उत्तरेत धाडावेत, ही अपेक्षाच अवास्तव होती. अकबराला ते दिसत नव्हते. आश्रिताला स्वतःचे संकट जेवढे मोठे दिसते, तेवढे यजमानाचे दिसत नाही.

या काळात अकबर दक्षिणेकडे सरकला आणि बांदा, डिचोली या भागात राहू लागला. १६८३ मध्ये त्याचा धीर सुटला. वेंगुर्ल्याहून जहाजाने इराणला निघण्याची त्याने तयारी केली. दुर्गादास आणि कवी कलश यांनी धावत जाऊन त्याचे मन वळवले. त्याच सुमारास फोंड्याला वेढा घालणारा व्हाइसरॉय, आल्व्होरचा काउंट, माघारी फिरला आणि नोव्हेंबरात मराठ्यांनी जुवे बेटावर धडक मारली. राजधानीचा थरकाप उडाला. पुढे मराठे आणि पोर्तुगीज यांच्यात जी तहाची बोलणी झाली, तीत अकबराने मध्यस्थी केली. आश्रयाला आलेल्या शहजाद्याच्या हातून यजमानाचे काही ठोस काम झाले असेल, तर ते इथे, गोव्याच्या भूमीवर.

पण डिचोलीही त्याला लाभली नाही. जानेवारी १६८४ मध्ये रामघाट उतरून आलेल्या मोगल फौजेने डिचोली घेतली आणि तिथले संभाजी महाराजांचे व अकबराचे वाडे, बागा उद्ध्वस्त केल्या. या फौजेचा सेनापती होता शहाआलम, म्हणजे अकबराचाच सावत्र भाऊ. परतीच्या वाटेवर उपासमारीने आणि रोगराईने त्या फौजेची जी दैना झाली, ती कोकणच्या इतिहासात अविस्मरणीय ठरली.

पुढची दोन-तीन वर्षे रत्नागिरीच्या बाजूला गेली. १६८६ मध्ये मोगल मुलखात घुसण्याचा एक प्रयत्न चाकणजवळ फसला. तेव्हा अकबराने आशा सोडली आणि फेब्रुवारी १६८७ मध्ये राजापूरहून एका इंग्रज कप्तानाच्या जहाजावर तो चढला. दुर्गादासाने किनाऱ्यावर त्याचा निरोप घेतला आणि मारवाडची वाट धरली.

वाऱ्याने जहाज मस्कतला नेले. तिथल्या इमामाने पाहुणचार केला, पण नजरही ठेवली. खाफीखान सांगतो, की दोन लाख रुपये आणि सुरतेत येणाऱ्या मालावर जकातमाफी मिळाल्यास शहजादा हवाली करण्याची तयारी इमामाने औरंगजेबाला कळवली होती. पालीच्या गवती घराचे मोल अकबराला तेव्हा उमगले असेल. तिथे निदान कुणी त्याची किंमत ठरवली नव्हती. इराणच्या शहाने डोळे वटारले, म्हणून त्याची सुटका झाली आणि जानेवारी १६८८ मध्ये तो इस्फहानला पोहोचला.

इराणवर त्याची भिस्त होती, ती हुमायूनच्या आठवणीने. सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी राज्य गमावलेला हुमायून असाच शहा तहमास्पच्या दारी गेला होता आणि इराणी फौज घेऊन परतला होता. पण तहमास्पला त्या बदल्यात कंदाहार हवे होते. शहा सुलेमानला अशा कशाचीच गरज नव्हती. त्याने अकबराला मानाने वागवले, राहायला जागा दिली. फौज मात्र दिली नाही. बापाविरुद्ध मुलाला मदत करणे रीतीला धरून नाही, बादशहाच्या पश्चात भावांशी सामना झाला तर पाहू, असा त्याचा पवित्रा होता. नकार इतका सभ्य, की त्यावर रागावताही येऊ नये.

इस्फहानात असतानाच संगमेश्वरची बातमी त्याच्या कानी गेली असणार. मार्च १६८९ मध्ये महाराजांची हत्या झाली. अकबर पुढे खोरासानात, हिंदुस्थानच्या सरहद्दीकडे जाऊन राहिला, तो बापाच्या मृत्यूची वाट पाहत. औरंगजेबही त्याला विसरला नव्हता. वायव्येकडून तो उतरू नये म्हणून शहाआलमला पुढे त्याच बाजूला ठेवण्यात आले. वाट पाहण्याच्या या शर्यतीत म्हातारा जिंकला. १७०७ मध्ये अहमदनगरजवळ औरंगजेब वारला, तेव्हा मुलगा मशहदला आधीच मातीआड झाला होता.

या साऱ्याची किंमत मागे राहिलेल्यांनी चुकवली. भावाशी पत्रव्यवहार सापडला म्हणून झेबुन्निसाची मालमत्ता जप्त झाली आणि ती सलीमगडच्या कैदेतच १७०२ मध्ये गेली. अकबराची मुलगी व एक मुलगा दुर्गादासाने मारवाडात सांभाळले. पुढे मुलगी आजोबांकडे परतली, तेव्हा राजपुतांनी तिला कुराण शिकवण्याची सोय केली होती हे कळून औरंगजेब चकित झाला. दुसरा मुलगा नेकुसियर आग्र्याच्या किल्ल्यात वाढला, तो कैदी म्हणूनच. १७१९ मध्ये, वयाच्या चाळिशीत, किल्ल्यातील बंडखोरांनी त्याला बादशहा म्हणून जाहीर केले. किल्ल्याबाहेरचे जग त्याने पाहिलेले नव्हते. तीनेक महिन्यांत किल्ला पडला आणि त्याची रवानगी सलीमगडला झाली.