बाबासाहेबांचे वडील : सुभेदार रामजी



विहाराच्या वर्धापन दिनाच्या अंकात काहीतरी लिहा, असं कार्यकर्त्यांनी सांगितलं. आम्ही ठरवलं, सुभेदार रामजी सकपाळ यांच्यावर लिहायचं. बाबासाहेबांचा फोटो आपल्या घराघरात आहे, पण त्यांना घडविणाऱ्या बापाची माहिती आपल्या पोरांना फारशी नाही. आम्ही गिरणी कामगार, शिक्षण बेताचं. पाळी सुटल्यावर मिळतील ती चरित्रं वाचून ही माहिती जमविली.

रामजींचं मूळ गाव आंबडवे, तालुका मंडणगड. १९८१ साली सिंधुदुर्ग वेगळा झाला, तोवर आपण आणि ते एकाच रत्नागिरी जिल्ह्यातले. वडील मालोजी पलटणीत होते. पत्नी भीमाबाई मुरबाडकरांच्या, तेही लष्करी घराणं. रामजी लष्करात शिरले आणि सुभेदार झाले. आम्हाला वाटलं होतं, लढाया आणि नेमबाजीच्या गोष्टी सापडतील. सापडला तो मास्तर! चौदा वर्षं ते लष्करी शाळेचे मुख्याध्यापक होते. महू छावणीत असताना १४ एप्रिल १८९१ रोजी भीमराव जन्मले.

त्याच सुमारास इंग्रज सरकारने महारांची लष्करभरती बंद केली. ज्या दारातून आपल्या माणसांना भाकरी, शाळा आणि मान मिळाला, तेच दार बंद! रामजी गप्प बसले नाहीत. न्यायमूर्ती रानडे यांच्याकडून अर्ज तयार करून घेऊन त्यांनी सरकारकडे दाद मागितली. दार काही उघडलं नाही. पुढे १९४१ साली महार रेजिमेंट उभी राहिली, त्यामागे त्यांच्याच मुलाचे प्रयत्न होते.

निवृत्तीनंतर ते दापोलीला, मग साताऱ्याला राहिले. तिथे १८९६ मध्ये भीमाबाई गेल्या. रामजी कबीरपंथी, दारू-मटणापासून लांब. घरात रोज भजन आणि पोरांचा अभ्यास. पुढे मुंबईत परळच्या चाळीत संसार आला. एका खोलीत माणसं, भांडी, सरपण. त्यात अभ्यास कुठे करायचा? रामजींनी वाट काढली. भीमरावांना लवकर झोपवायचे, स्वतः जागे राहायचे आणि रात्री दोन वाजता त्यांना उठवून अभ्यासाला बसवायचे. तिसरी पाळी केलेल्या माणसाला दोन वाजताची झोप म्हणजे काय ते कळतं! पुस्तकासाठी पैसे नसले की लग्न झालेल्या मुलीकडून उसने आणायचे, नाहीतर तिचा दागिना गहाण टाकायचे. पेन्शन आली की सोडवून द्यायचे. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले.

१९१३ च्या जानेवारीत भीमराव बडोद्याला नोकरीवर रुजू झाले, आणि वडील आजारी असल्याची तार आली. वाटेत सुरतेला मिठाई घ्यायला उतरले, तेवढ्यात गाडी सुटली. पोचले तेव्हा बाप अंथरुणावर, शेवटच्या घटका मोजत होता. २ फेब्रुवारी १९१३ रोजी रामजी गेले. त्याच वर्षी भीमराव शिकायला अमेरिकेला गेले. ते बघायला बाप नव्हता.

बंधूंनो, विहारात पंचशील म्हणून घरी गेलं की आपलं काम संपत नाही. परीक्षेच्या दिवसांत विहाराचा दिवा रात्री पोरांसाठी चालू ठेवूया, आणि त्यांच्याबरोबर आपल्यापैकी एकजण जागा राहूया. वीजबिलाची वर्गणी आमच्यापासून सुरू करा.

जयभीम! नमो बुद्धाय!